हवामान बदलाचा निरोप आष्टीपर्यंत

हवामान बदलाची माहिती लोकांपर्यंत पोहोचवणे म्हणजे जागतिक तापमानवाढीचे आकडे सोप्या भाषेत सांगणे, असे पुष्कळदा धरले जाते. जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यात, आष्टी परिसरात, या कामाचे स्वरूप वेगळे आहे. ऋतू पूर्वीसारखे राहिले नाहीत हे तिथल्या शेतकऱ्याला कोणी पटवून द्यावे लागत नाही. दुबार पेरणीच्या बियाण्याची पावती त्याच्या खिशात असते. त्याला हवी असतात ती नेमकी उत्तरे: यंदा पेरणी कधी करायची, कोणते पीक घ्यायचे, आणि वरून धरणाचे पाणी सोडले तर ते आपल्या शिवारात कुठवर येणार. हवामानशास्त्र आणि ही उत्तरे यांच्यामध्ये बरीच यंत्रे, कार्यालये, माणसे आणि शब्द उभे आहेत.

आष्टी हे परतूरच्या दक्षिणेला, गोदावरीच्या खोऱ्यातले बाजारपेठेचे गाव. आसपासच्या खेड्यांची खते-बियाण्यांपासून बँकेपर्यंतची कामे इथे उरकतात. मध्यवर्ती गावांचा समूह विकास करण्यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये सुरू केलेल्या रुर्बन मोहिमेतही आष्टीची निवड झाली होती. गोदावरीपलीकडे बीड जिल्ह्यातला माजलगाव तालुका आणि पूर्वेला परभणीचे सेलू, पाथरी. जमीन बहुतांशी काळी. कापूस, सोयाबीन आणि तूर ही मुख्य पिके, आणि पाण्याची सोय असेल तिथे ऊस व मोसंबी. महसुली दप्तरात आष्टी हे परतूर तालुक्यातले एक मंडळ आहे. ही वरवर कोरडी वाटणारी नोंद पुढे महत्त्वाची ठरते, कारण पावसाचा सरकारी हिशेब मंडळावर चालतो.

मराठवाड्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सुमारे ६८० मिलिमीटर पाऊस पडतो. या आकड्याने मात्र फसायला होते. चार महिन्यांची बेरीज सरासरीइतकी भरूनही खरीप हातचा जाऊ शकतो, कारण पिकाला बेरीज लागत नाही, वेळेवर ओल लागते. गेल्या काही दशकांत बिघडले आहे ते मुख्यतः पावसाचे वाटप. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये भारतातल्या हवामान बदलाचा पहिला सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या, म्हणजे आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी त्याचे संपादन केले होते. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले, १९५१ ते १९८० च्या तुलनेत १९८१ ते २०११ या काळात पावसाळ्यातले कोरडे खंड २७ टक्क्यांनी अधिक वेळा आले, आणि मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडण्याच्या घटना १९५० पासून सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या, असे त्यात नोंदवले आहे. त्याआधी २०१७ मध्ये याच संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी मध्य भारतातल्या व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे दाखवले होते. या वाढीचा संबंध त्यांनी तापलेल्या अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या लोंढ्यांशी जोडला.

यामागचे शास्त्र फार अवघड नाही. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे ढगांना भरायला वेळ लागतो, आणि भरले की ते एकदम रिते होतात. शेतात त्याचा अर्थ लांबलेली उघडीप आणि मग एका रात्रीत बांध फोडणारा पाऊस असा होतो.

जालना जिल्ह्याने गेल्या दीड दशकात या दोन्ही गोष्टी पाहिल्या. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या आणि अनेकांनी झाडे तोडून सरपण केले. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर गारपीट झाली, ११ फेब्रुवारी २०१८ च्या गारपिटीने जालन्यात पिकांबरोबर माणसांचाही बळी घेतला. ऑगस्ट २०२३ हा देशातला १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि ऐन फुलोऱ्यातले सोयाबीन माना टाकून उभे राहिले. दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, गोदावरीवरच्या जायकवाडी धरणातून प्रचंड विसर्ग करावा लागला आणि गोदाकाठची पिके पाण्याखाली गेली.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक आपत्तीवर हवामान बदलाचे लेबल चिकटवणे हा वाईट संवाद आहे. मराठवाड्यात दुष्काळ नवा नाही. १९७२ चा दुष्काळ जुन्या पिढीच्या आठवणीत आहे. एल निनोच्या वर्षांत मोसमी पाऊस कमी होण्याचा धोका आधीपासूनच होता. शेकडो फूट खोल गेलेल्या कूपनलिका, पाणी पिणारा ऊस, नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत किती पाणी सोडायचे यावरचे वाद, ही सगळी माणसांच्या निर्णयांची फळे आहेत. एखाद्या घटनेत तापमानवाढीचा वाटा किती, हे शास्त्रज्ञ स्वतंत्र अभ्यासाने ठरवतात. तो अभ्यास नसताना सगळे खापर हवामानावर फोडले, तर ओढ्यातल्या अतिक्रमणाला आणि न काढलेल्या गाळाला कोणीच जबाबदार राहत नाही. स्थानिक कारभाऱ्यांना हे सोयीचे असते, म्हणून तर याबाबतीत नेमके बोलायला हवे.

‘तापमानवाढ’ हा शब्द माहीत नसला तरी अनुभव असतो, याला देशपातळीवरचा पुरावा आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठ आणि भारतातील सीव्होटर ही पाहणी संस्था यांनी २०२१-२२ मध्ये केलेल्या पाहणीत, जागतिक तापमानवाढीबद्दल आपण फारच थोडे जाणतो किंवा कधी ऐकलेच नाही, असे ५४ टक्के लोकांनी सांगितले. तापमानवाढ म्हणजे काय हे दोन वाक्यांत समजावल्यावर मात्र ८४ टक्के लोक म्हणाले की हे घडते आहे. गावाकडे हा अनुभव नक्षत्रांच्या भाषेत सांगितला जातो: मृग कोरडा गेला, आर्द्राने हात दिला, मघा बरसल्याच नाहीत, हस्ताने काढणीला आलेले सोयाबीन भिजवले. नक्षत्रांचे हे गणित सूर्याच्या स्थानावर बेतलेले असल्यामुळे साधारण तेरा-चौदा दिवसांचा एक टप्पा म्हणून ते आजही उपयोगी आहे. पंचांगातल्या वाहनावरून पाऊस सांगता येत नाही. पण ‘यंदा आर्द्रात पंधरा दिवस खंड पडण्याची शक्यता आहे’ हे वाक्य ‘जूनच्या चौथ्या आठवड्यात पर्जन्यमान उणे राहील’ यापेक्षा चटकन कळते. सरकारी पत्रकांनी ही सोय फारशी वापरलेली नाही.

निरोप कुठे अडतो हे कळण्यासाठी पेरणीचा निर्णय जवळून पाहायला हवा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी तीसेक मिलिमीटर पाऊस पडतो. वरची चार बोटे माती ओली होते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शिवारात ट्रॅक्टर पेरणीला लागलेला दिसतो. भाड्याचा ट्रॅक्टर आज मिळाला नाही तर आठ दिवस मिळणार नाही, ही धास्ती असते. म्हणून बी पडते. ते ओलीत फुगते, अंकुर धरते आणि मग बारा-पंधरा दिवस उघडीप राहते. काळी माती वरून कडक होते, अंकुर खालच्या खाली वाळतो. पुन्हा बियाणे, पुन्हा खत, पुन्हा ट्रॅक्टरचे भाडे. जुलैचा पहिला पंधरवडा उलटला की सोयाबीनची वेळ संपते, म्हणजे दुबार पेरणीलाही मुदत असते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शिफारस स्पष्ट आहे: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्यावरच पेरणी करावी. वर्षानुवर्षे हे वाक्य छापून येते. ते पाळायचे तर आपल्या शिवारात आतापर्यंत नेमका किती पाऊस पडला हे ठाऊक असावे लागते, आणि बहुतेक शेतकऱ्यांकडे ते मोजायचे साधन नसते.

शास्त्राकडून शेताकडे येणारी अधिकृत वाट अशी आहे. भारतीय हवामान विभाग अंदाज देतो. परभणी विद्यापीठातले कृषी हवामान केंद्र त्याला पिकांच्या अवस्थेची जोड देऊन दर मंगळवारी आणि शुक्रवारी मराठवाड्यासाठी सल्ला पत्रिका काढते. ती वर्तमानपत्रे, आकाशवाणी, कृषी खात्याचे व्हॉट्सअॅप गट आणि २०१९ मध्ये आलेले ‘मेघदूत’ अॅप यांतून पुढे जाते. २०१८ पासून कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रे सुरू झाली होती. जिल्ह्याचे नाही तर तालुक्याचे हवामान सांगायचे, हा त्यामागचा हेतू. देशभरातली अशी १९९ केंद्रे २०२४ च्या सुरुवातीला बंद झाली. अंदाजाची बारकाई वाढत असताना तो समजावून सांगणारा, नाव-गाव माहीत असलेला माणूस कमी झाला. हा निर्णय दूरदृष्टीचा म्हणता येत नाही.

बारकाई मात्र खरोखर वाढली आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीवरचा अंदाज उपलब्ध होऊ लागला. मे २०२५ मध्ये आयआयटीएमने विकसित केलेली ६ किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी भारत अंदाज प्रणाली सुरू झाली; त्याआधी ही चौकट १२ किलोमीटरची होती. त्याच खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने केलेला पाऊस सुरू होण्याचा अंदाज १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाइलवर पाठवला. पाऊस सुरू होऊन मध्येच थांबेल, हेही त्यात सांगितले होते.

अंदाजाची भाषा ही वेगळी अडचण आहे. ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता’ हे वाक्य पावसाळ्यात जवळजवळ रोज कानावर पडते. हवामान विभागाच्या परिभाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे तीन चतुर्थांशापर्यंत आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. ‘मुसळधार’ म्हणजे चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. याचा अर्थ, अंदाज अगदी तंतोतंत खरा ठरला तरी मराठवाड्यातल्या चारपैकी तीन किंवा त्याहून जास्त ठिकाणी मुसळधार पाऊस पडणार नाही. ज्यांच्याकडे पडला नाही ते अंदाज चुकला म्हणतात. त्यांना दोष देता येत नाही. ही व्याख्या त्यांना कधी कोणी सांगितलेलीच नसते. इशाऱ्यांच्या रंगांचेही तसेच आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. पण कृती कोणती? जनावरे कुठे हलवायची, काढलेले सोयाबीन गंजी लावून झाकायचे की काढणीच पुढे ढकलायची, हे रंगात लिहिलेले नसते.

या दरीतून काय होते याचे उदाहरण आष्टीपासून दूर नाही. जुलै २०१७ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावच्या शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलीस ठाण्यात थेट हवामान विभागाविरुद्ध तक्रार दिली. चांगल्या पावसाच्या अंदाजावर विसंबून पेरणी केली आणि पावसाने ओढ दिली. बियाणे-कीटकनाशक कंपन्यांच्या फायद्यासाठी अंदाज फुगवला गेला, असा त्यांचा आरोप होता. त्या वर्षी ‘सरासरीइतका पाऊस’ हा देशाचा, चार महिन्यांचा अंदाज होता. एका गावात जून-जुलैत काय होईल याबद्दल त्यात काहीच नव्हते. आरोप टिकण्याजोगा असो वा नसो, देशाचा आकडा गावाला लागू करून वाचला गेला आणि तसा तो वाचू नये हे कोणी सांगितले नाही, एवढे त्यातून दिसते. २०२५ मध्ये याची जाण थोडी बरी होती. मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला, इतका लवकर की शेतांची मशागतही व्हायची होती. तेव्हा कृषी खात्याने आणि हवामान विभागाने, पाऊस पुढे खंड घेणार आहे, पेरणीची घाई करू नका, असे वारंवार सांगितले. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मराठवाड्यात पावसाने खरोखरच ओढ दिली.

अधिकृत यंत्रणेबाहेरचे आवाज गावात जास्त ऐकले जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. आष्टीशेजारच्याच सेलू तालुक्यातले, गुगळी धामणगावचे पंजाबराव डख यांचे अंदाज यूट्यूब आणि व्हॉट्सअॅपवर राज्यभर फिरतात. त्यांच्या लोकप्रियतेचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही: बोली मराठवाडी, तारीख ठरलेली, जिल्ह्यांची नावे घेतलेली, आणि शेवटी ‘पेरणी करा’ किंवा ‘काढणी उरकून घ्या’ असा थेट सल्ला. हवामानशास्त्रज्ञांचा अशा खासगी अंदाजांवर आक्षेप आहे. पद्धत तपासता येत नाही, आणि दहा-पंधरा दिवस पुढची नेमकी तारीख सांगणे आजच्या विज्ञानाला शक्य नाही, असे त्यांचे म्हणणे. आक्षेप रास्त आहे. पण शास्त्र शक्यतेच्या भाषेत बोलते आणि पेरणी मात्र करायची किंवा नाही अशी दोन टोकांची असते. दहा वेळा असा अंदाज दिला तर सात वेळा खरा ठरतो, असे सांगून ‘अर्धे रान आता पेरा, अर्धे ठेवा’ असा सल्ला देता येतो. निवृत्त हवामान अधिकारी माणिकराव खुळे किंवा कृषी हवामानतज्ज्ञ रामचंद्र साबळे यांच्यासारखे जाणकार शेतकऱ्यांशी मराठीतून नियमित बोलत आले आहेत, आणि त्यांचा वाचकवर्ग मोठा आहे. म्हणजे शास्त्रीय अंदाज लोकांना नकोच असतो, ही समजूत खरी नाही.

निरोप खालून वर जाण्याचा भाग तर आणखी कच्चा आहे. चोवीस तासांत एखाद्या महसूल मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला की त्या मंडळात अतिवृष्टी झाली असे शासन धरते आणि पंचनाम्याचे चक्र फिरू लागते. २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात राज्यातल्या दोन हजारांहून अधिक मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली गेली. पण एका मंडळात अनेक गावे असतात आणि गडगडाटी ढग काही किलोमीटरच रुंद असतो. केंद्रावर ४० मिलिमीटरची नोंद होते आणि मंडळाच्या दुसऱ्या टोकाच्या गावात शेते चिभडून जातात, असे घडू शकते. त्या गावाचा पाऊस कागदावर पडलेलाच नसतो. दुष्काळातही हाच पेच. २०२३ च्या खरिपात २१ दिवसांचा खंड हा पीकविम्याची २५ टक्के अग्रिम रक्कम मिळण्याचा निकष होता. मध्येच एका दिवशी केंद्रावर पडलेली सर ती मोजणी तोडू शकत होती. २०२५ पासून हे मध्यावधी निकष वगळून भरपाई पीक कापणी प्रयोगांवर आणली गेली. नियम बदलला, तो का बदलला आणि आता शेतकऱ्याने काय करायचे, हे गावपातळीवर सांगण्याचे काम बव्हंशी कृषी सेवा केंद्राच्या ओट्यावरच्या गप्पांवर सोडले गेले.

पुराच्या इशाऱ्यात आकड्यांची गंमत आणखी उघडी पडते. पैठणच्या जायकवाडी धरणातून ‘एक लाख क्युसेकने विसर्ग’ अशी बातमी येते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी, हे कोणी शोधून काढलेच तरी त्यावरून आपली मोटर बुडणार का ते कळत नाही. गोदाकाठच्या गावाला हवे असते ते असे: इतका विसर्ग झाला की इतक्या तासांनी पाणी अमुक पुलाला लागते, तमुक पाणंद बंद होते. परिणामांवर आधारित अंदाज अशी यासाठीची संज्ञा आता जगभर रूढ आहे आणि हवामान विभागही त्या दिशेने चालला आहे. सप्टेंबर २०२५ च्या पुरात पाणी कुठवर आले होते, त्याच्या खुणा अजून ताज्या आहेत. शाळेच्या किंवा मंदिराच्या भिंतीवर ती रेघ आणि त्या दिवशीचा विसर्ग रंगवून ठेवला, तर पुढच्या वेळी क्युसेकचा आकडा सगळ्यांना वाचता येईल.

विजेचा धोका याहून तातडीचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ माणसे दगावली. आयआयटीएमचे ‘दामिनी’ अॅप २० ते ४० किलोमीटर परिघात वीज पडत असल्याची सूचना देते. अॅप चांगले आहे. पण वीज पडते दुपारी तीन-चारच्या सुमाराला, उघड्या रानात, जिथे कापूस वेचणाऱ्या बायकांकडे स्मार्टफोन नसतो आणि जवळचा आडोसा म्हणजे एकटे बाभळीचे झाड असते. सातबारा पुरुषाच्या नावावर, नोंदवलेला मोबाइल क्रमांक त्याचा, आणि तो त्या वेळी बाजाराला गेलेला. शेतमजूर आणि दिवाळीनंतर फडावर जाणारे ऊसतोड कामगार तर कुठल्याच यादीत नसतात. झाडाखाली थांबू नका, पाय जुळवून खाली बसा, हे वेचणीला जाणाऱ्या टोळीतल्या एकीला जरी पक्के ठाऊक असेल तरी त्याचा उपयोग अॅपइतकाच होतो.

बांगलादेशाने हे फार पूर्वी ओळखले. १९७० च्या चक्रीवादळात तिथे काही लाख माणसे मेली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या चक्रीवादळ सज्जता कार्यक्रमात गावोगावचे स्वयंसेवक भोंगा आणि झेंडे घेऊन इशारा देतात. आज त्यांची संख्या सत्तर हजारांहून अधिक आहे आणि त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. उपग्रह त्यांच्याही मदतीला आहेत, पण दार ठोठावणारा माणूस ओळखीचा असतो.

जालना जिल्ह्यात ओळखीच्या माणसाकडून शिकण्याची परंपरा आहे. जालन्याजवळच्या खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राचे दर महिन्याला भरणारे चर्चासत्र अनेक वर्षे चालत आले आहे. शेतकरी येतात, शास्त्रज्ञांना उलट प्रश्न विचारतात आणि पुढच्या महिन्यात, तुम्ही सांगितलेले का जमले नाही, हेही विचारतात. कृषितज्ज्ञ विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने जिल्ह्यातल्याच कडवंची गावात १९९६ पासून इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचे काम झाले. पुढे गावाने शेततळी खोदली, द्राक्षबागा उभ्या केल्या आणि २०१२ च्या दुष्काळात त्या टिकवल्या. कडवंची पाहायला गेलेल्या शेतकऱ्याला हवामान अनुकूलनाची व्याख्या सांगावी लागत नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने, म्हणजे पोकराने, ही रीत पाच हजारांहून अधिक गावांत नेण्याचा प्रयत्न केला. गावाची समिती, पाण्याचा ताळेबंद, शेतीशाळा अशी त्याची रचना होती. रुंद वरंबा सरी पद्धत अशाच शेतीशाळांमधून पसरली. रुंद वाफ्यावर सोयाबीन आणि दोन्ही बाजूंना सरी: उघडीप पडली तर सरीतली ओल पिकाला पुरते, पाऊस कोसळला तर जादा पाणी सरीतून निघून जाते. पावसाचा अंदाज चुकला तरी नुकसान कमी, हा तिचा खरा गुण.

सर्वांत यशस्वी निरोप सहसा सर्वांत साधा असतो. कृषी खात्याची घरच्या सोयाबीनची उगवण चाचणी हे त्याचे उदाहरण. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, पाच-सहा दिवस ओल टिकवायची, मग कोंब आलेले मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर बी पेरायला चालते. काढणीच्या वेळी पावसात भिजलेल्या बियाण्याची उगवण घटते, हा हवामानाचा परिणाम शेतकऱ्याने स्वतःच्या ओसरीवर मोजलेला असतो. असे मोजणे पावसाबाबतही शक्य आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाने १९८२ पासून शेतकऱ्यांच्या हाती साधे पर्जन्यमापक दिले आणि किती मिलिमीटर झाल्यावर कोणते पीक पेरायचे याचे तक्ते पुरवले. आंध्र प्रदेशात सात जिल्ह्यांतल्या भूजल प्रकल्पात शेतकरी स्वतः पाऊस आणि विहिरींची पातळी मोजत, फलकावर लिहीत आणि त्यावरून रब्बीचे पीक ठरवत. गावानेच मोजलेला आकडा असल्यामुळे तो कोणाला पटवून द्यावा लागला नाही.

आष्टी मंडळातल्या गावांना यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. हाताने वाचायचा पर्जन्यमापक काही शे रुपयांत मिळतो. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या उघड्या आवारात तो बसवला, रोज सकाळी साडेआठला नोंद केली आणि चौकातल्या फलकावर आजचा पाऊस, जूनपासूनची बेरीज आणि पेरणीसाठी लागणारे ७५ ते १०० मिलिमीटर असे तीन आकडे लिहिले, तर विद्यापीठाची शिफारस पहिल्यांदा पाळण्याजोगी होईल. मंडळाच्या केंद्रापेक्षा गावाचा पाऊस वेगळा पडला, तर तक्रार करताना तारीखवार वही हाती असेल. हवामान विभागाचा मोसमी पावसाचा पहिला अंदाज एप्रिलमध्ये येतो आणि १ मे रोजी ग्रामसभा भरते. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर ‘यंदाचा पाऊस आणि पेरणी’ हा विषय घेण्यासाठी कोणत्याही नव्या शासन निर्णयाची गरज नाही.